बगलफूट

घरगुती बागा सांभाळणं हा माझा धंदा. वाशीपासून खारघरपर्यंत गच्च्या आणि बाल्कन्या. लोकांना वाटतं आम्ही खत-पाणी घालतो. खरं तर निम्मा वेळ त्यांनी घातलेलं जास्तीचं खत-पाणी निस्तरण्यात जातो. पण जानेवारीअखेर नेरूळच्या एका गच्चीवर जे पाहिलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. फोनवर म्हणाले, "रोग नाही, कीड नाही, पण टोमॅटो थांबलेत." वर बारा ग्रो बॅगा होत्या, आणि काम असं की मी बघतच राहिलो. काठ्या लावणीच्या वेळीच रोवलेल्या. मागाहून खुपसल्या की मुळं तुटतात, हे पोटापाण्यासाठी माळीकाम करणाऱ्यांनाही सांगावं लागतं. सुतळीचा फेरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, काठीला घट्ट आणि खोडाभोवती बोट जाईल इतका सैल. पाणी घालताना माती उडून करपा चढू नये म्हणून पहिल्या घोसाखालची पानं काढलेली. पानाच्या बेचक्यातली बगलफूट इतकी कोवळी असताना खुडलेली, की खोडावर व्रण शोधावा लागत होता. त्याच सोसायटीचा माळी जास्वंदीची कात्री तशीच टोमॅटोला लावतो आणि खोड वायरने आवळतो.

चार रोपं काठीच्या टोकाला पोचली होती. आठ मात्र गुडघ्याएवढीच. त्यातल्या एकाचा शेंडा बोटांत धरून पाहिला. जिथे कोवळं पान उलगडायचं, तिथे खोड फुलांच्या घोसात संपलेलं. खाली दोन घोसांच्या मध्ये जेमतेम एक-दोन पानं. मोजके टोमॅटो लागले होते, त्यांच्यावरही सावलीला पान नसल्यामुळे उन्हाचे पांढुरके चट्टे.

झुडपी वाण. उंच चढणाऱ्या वाणात साधारण तीन पानांआड घोस येतो आणि शेंडा चालूच राहतो, त्याला एका खोडावर ठेवणं ठीक. झुडप्याचं खोड मात्र घोसात संपतं, पुढचा माल बगलफुटीवरच येतो. 1914 साली फ्लोरिडात सापडलेल्या एका आपोआप झालेल्या बदलातून हा गुण आला. झाड आपली छाटणी आपणच करतं. त्यावर काकांनी व्हिडिओ बघून आणखी एक केली होती.

हे सांगितलं तर काका एवढंच म्हणाले, "मी एकही फूट चुकवली नाही हो." यावर काय बोलणार? आळशी माणसाच्या गच्चीवर हीच रोपं लगडली असती.

मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. रोप आणतानाच ओळखायचं कसं? नुसतं बघून ओळखता येत नाही. वाणाचं नाव माहीत नसेल, तर पहिल्या घोसाखालच्या फुटी तेवढ्या काढायच्या, त्याने कुठल्याच वाणाचं फारसं बिघडत नाही. वर दोन-तीन घोस दिसेपर्यंत हात आवरायचा. काकांनी ते वहीत टिपलं. तंबाखू मळून रोपांना हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा, हेही सांगितलं, कारण तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोवर येतो. ते टिपलं नाही.

आठ रोपं उपटायला निघाले होते, मी थांबवलं. नवी फूट येईल ती राहू द्या म्हटलं. पण खोटी आशा लावली नाही. फुटीला कळी येईपर्यंत फेब्रुवारी सरणार, आणि इथे रात्रीचा गारवा गेला की फूल धरत नाही, गळतं.

काकांनी रोपं "हायब्रीड" म्हणून घेतली होती. एकाच ट्रेमध्ये दोन जाती, नावाची चिठ्ठी नाही. मीही त्याच नर्सरीतून माल उचलतो, म्हणून परतताना तिथे थांबलो आणि मालकाला म्हटलं, ट्रेवर निदान वाणाचं नाव तरी चिकटवत जा.

तो म्हणाला, "नाव लिहिलं की लोक त्याची माहिती विचारतात, शेठ. गल्ल्यावर पोरगा असतो, तो काय सांगणार?"