तुम्ही विचारलंत म्हणून: रंग वाळेपर्यंत

शाळेत मी चित्रकला हा विषय घेतला होता असं सांगितलं की समोरून हमखास प्रश्न येतो: "त्या वर्गात शिकवतात तरी काय? काहीतरी समोर मांडायचं आणि काढा म्हणायचं, एवढंच ना?" बहुतेक वेळा विचारणारे पालक असतात, मुलाला हा विषय घेऊ द्यावा की नाही या विचारात पडलेले. मध्यंतरी एका नववीतल्या मुलीनेच विचारलं. ती छान रंगवते, पण तंत्र शिकायला लागलो की आपलं स्वतःचं जे काही आहे ते जाईल, अशी तिला धास्ती होती. आजवर मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज नीट बसून लिहिते.

त्या वर्गात मला तीन वर्षं मिळाली आणि तिथे मी मुख्यतः वेळ साधायला शिकले. रंग कधी टाकायचा, कधी हात आवरायचा, कधी कागद तसाच सोडून दुसऱ्या कामाला लागायचं. ब्रश धरणं, रंग मिसळणं, छायाप्रकाश हे सगळं शिकवलं गेलं, पण ते या एका गोष्टीला धरून आलं.

सुरुवात जलरंगांनी झाली, आणि जलरंगांच्याही आधी कागदाने. पातळ कागद ओला झाला की फुगतो, त्यावर डोंगरदऱ्या होतात आणि रंग दऱ्यांत जाऊन बसतो. म्हणून कागद भिजवून, बोर्डावर पसरून, चारी कडांना डिंकाची पट्टी लावून ताणून ठेवायचा. वाळताना तो आक्रसतो आणि ढोलासारखा ताठ होतो. 300 जीएसएमचा जाड कागद मिळाला तर हा खटाटोप बराच वाचतो, पण बाईंनी आम्हाला पहिले दोन महिने पातळच कागद दिला. पहिल्या दिवशी कागद ताणला आणि तास संपला. रंगाचं झाकणही उघडलं नव्हतं. आम्ही सगळे हिरमुसलो होतो.

मग आला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. बोर्ड जरासा तिरका ठेवायचा, भरपूर रंग घेतलेला ब्रश वरच्या कडेला आडवा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या काठावर रंगाचा ओघळ जमतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला चाटून गेला पाहिजे. ओघळ वाळू दिला की तिथे रेघ उमटते, आणि ती पुन्हा पुसली जात नाही. शेवटच्या पट्ट्यानंतर उरलेला ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. वाचायला दोन मिनिटांचं काम वाटतं. मला सपाट, एकसारखा वॉश जमायला तीन आठवडे लागले.

त्या आठवड्यांत बाईंनी एक गोष्ट दाखवली, जी मी आजही रोज वापरते. "कागदाकडे वरून बघू नका," त्या म्हणाल्या, "खाली वाका आणि उजेडाच्या दिशेने तिरकं बघा." आम्ही टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बसलो. ओल्या कागदावर आधी पाणी उभं असतं, त्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब दिसतं. या वेळी रंगाचा थेंब टाकला तर तो वाट फुटेल तिकडे पळतो. थोड्या वेळाने प्रतिबिंब विरघळतं आणि रेशमासारखी मंद चमक उरते. आता टाकलेला रंग मऊ पसरतो, पण सांगितलेल्या जागी राहतो. ढग, धुकं, लांबची झाडं यांच्यासाठी हीच वेळ. मग ती चमकही जाते. कागद वाळलेला दिसतो, पण वाळलेला नसतो. त्या वेळी त्याला हात लावायचा नाही. पूर्ण वाळलाय की नाही हे तपासायला हाताची मागची बाजू हलकेच टेकवायची. गार लागला तर पाणी अजून उडतंय, थांबायचं.

मी नेमकी त्याच वेळी हात लावला होता. आकाश उत्तम उतरलं होतं, वरती गर्द निळं, क्षितिजाकडे फिकट होत गेलेलं. एका कोपऱ्यात जरा जास्त गडद वाटलं म्हणून ओल्या ब्रशचं टोक टेकवलं. पाणी आत शिरलं, त्याने आधीचे रंगकण बाहेर ढकलले आणि बघता बघता फुलकोबीसारखा दातेरी काठ तयार झाला. मी रडवेली झाले. बाईंनी ते चित्र बाजूला ठेवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "हाच डाग मला मुद्दाम काढून दाखव. दहा वेळा."

पहिले चार डाग उठलेच नाहीत. कधी कागद फार ओला होता, कधी पार वाळला होता. डाग नेमका कधी उठतो हे शोधता शोधता कागद वाळण्याच्या सगळ्या पायऱ्या डोळ्यांत बसल्या. त्यानंतर तो डाग माझ्या चित्रात नकळत क्वचितच आला. पुढे वाळक्या पानांचा गुच्छ रंगवताना मी तो जाणूनबुजून वापरला आणि कुजक्या पानाची कड हुबेहूब उतरली.

दुसऱ्या वर्षी करड्या रंगाची शिडी. नऊ चौकोन, एका टोकाला कोरा कागद, दुसऱ्या टोकाला काळा, मधले सात समान अंतराने चढत गेलेले. हा अभ्यास कुणालाच आवडत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. मधले तीन-चार चौकोन सगळ्यांचे सारखेच दिसतात, कारण गडद रंग लावायला हात कचरतो. शिवाय जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणजे आता दिसतंय त्याच्या एक पायरी पुढचा रंग धीर करून लावावा लागतो. बाई पाठीमागून येऊन म्हणायच्या, "डोळे किलकिले कर." डोळे अर्धे मिटले की बारकावे नाहीसे होतात, उजेड आणि अंधार एवढेच दोन ढीग उरतात. तेव्हा खरं कळतं की आपली मधली पायरी किती फिकट राहिली आहे.

ही शिडी झाल्यावर पांढऱ्या कापडावर पांढरा कप मांडला. पांढरा रंग वापरायचा नाही, अशी अट. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो राखून ठेवायचा. मी दोन तास नुसता कप बघितला असेन. आतली बाजू निळसर करडी. बाहेरच्या बाजूला, तळाशी, कापडावरून उलटून आलेल्या उजेडाची एक उबदार पट्टी, आणि तिच्यावर सावलीचा सगळ्यात गडद भाग. आधी मला वाटायचं सावली कडेला जात जात गडद होत जाते. कपाने दाखवलं की कडेला ती पुन्हा उजळते.

पण मला खरं अडवलं ते पडछायेने. कपाच्या बुडाशी तिची कड सुरीने कापल्यासारखी होती आणि दूर जाता जाता ती कड विरत गेली होती. एकच सावली, पण एका टोकाला कडक आणि दुसऱ्या टोकाला मऊ. हे एका वॉशमध्ये कसं करायचं? बाईंनी माझ्या हातात स्वच्छ ब्रश दिला आणि सावलीचं लांबचं टोक जिथे येणार तेवढ्याच भागावर साधं पाणी फिरवायला सांगितलं. बुडाजवळचा कागद कोरडाच ठेवला. मग आम्ही दोघी टेबलाला हनुवटी लावून थांबलो. प्रतिबिंब गेलं, रेशमी चमक आली. "आता." मी बुडापासून रंग ओढत नेला. कोरड्या भागात कड ताठ उभी राहिली, ओल्या भागात शिरल्यावर ती आपसूक विरघळली. मी काहीच केलं नव्हतं, फक्त योग्य वेळी तिथे पोचले होते. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

रंग मिसळण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण याची पुस्तकं मुबलक आहेत. लाल, पिवळा, निळा एवढ्यावर भागत नाही हे लवकर कळलं. अल्ट्रामरीन निळा लालसरपणाकडे झुकतो, प्रशियन निळा हिरवटपणाकडे. लेमन यलोत प्रशियन घातला तर लखलखीत हिरवा मिळतो. तोच पिवळा अल्ट्रामरीनबरोबर मंद, मातकट होतो, आणि पानांना अनेकदा तोच हवा असतो. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वॉश वाळला की रवाळ पोत दिसतो. हा रंग कधीकाळी लापिस लाझुली हा दगड कुटून काढत आणि तो सोन्याच्या तोलाने विकला जाई. कृत्रिम अल्ट्रामरीन बनवल्याबद्दल 1828 साली फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञांना बक्षीस मिळालं आणि तिथून तो सर्वांच्या आवाक्यात आला. मी तो पॅलेटवर पिळते तेव्हा दर वेळी याची आठवण होते.

एक अभ्यास मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाच करड्या रंगाचे दोन चौकोन, एक नारिंगी पट्ट्यावर, एक निळ्या पट्ट्यावर. नारिंगीवरचा करडा निळसर दिसतो, निळ्यावरचा नारिंगीकडे झुकलेला. रंग तोच, भांडं तेच, आणि तरी डोळा ऐकायला तयार नाही. शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघत. काही काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. त्यांनी शोधलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारचे रंग त्याला तसं दाखवत होते. यावरचं त्यांचं पुस्तक 1839 चं. तेव्हापासून एखादा रंग चुकला असं वाटलं की मी आधी त्याचा शेजार तपासते.

शेवटच्या वर्षी अ‍ॅक्रिलिक आणि थोडं तैलरंग. इथे आमची घड्याळंच बदलली. जलरंगातला गोंद पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे वाळलेला रंगही ओल्या ब्रशने थोडा उचलता येतो. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की आतले प्लास्टिकचे कण एकमेकांना कायमचे चिकटतात, मग माघार नाही. ब्रश पाण्यात ठेवायला विसरलात तर ब्रशही गेला. शिवाय तो वाळल्यावर किंचित गडद होतो, जलरंगाच्या बरोबर उलट, आणि दोन वर्षं फिका पडणारा रंग हाताळलेल्या आम्हाला ही सवय मोडायला फार जड गेलं. पण थरावर थर चढवायला त्याच्यासारखं माध्यम नाही. खालचा थर वाळेपर्यंत वरचा तयार ठेवायचा, बस. पारदर्शक पातळ थर, म्हणजे ग्लेझ, मी तिथे शिकले. पिवळ्यावर लालाचा पातळ ग्लेझ दिला की मिळणारा नारिंगी हा पॅलेटवर मिसळलेल्या नारिंगीपेक्षा खोल दिसतो.

तैलरंग उडत नाहीत, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, जाड थराला कितीतरी महिने. म्हणून नियम असा की खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो, आणि चित्राला तडे जातात. माझ्या पहिल्या तैलचित्राला गेले. पिवळी माती, लाल, काळा आणि पांढरा एवढ्या चारच रंगांवर आम्ही एक चेहरा केला होता. स्वीडनचे चित्रकार आंदर्स झोर्न यांच्या नावाने ही पॅलेट ओळखली जाते. तीत निळा नाही. काळ्यात पांढरा घालून उबदार रंगांशेजारी ठेवला की तोच निळा वाटतो, म्हणजे करड्या चौकोनांचा धडा इथे कामाला आला.

तास चाळीस मिनिटांचा, त्यामुळे प्रत्येकाकडे दोन बोर्ड असत. एक वाळत असताना दुसऱ्यावर काम. घाई म्हणून कुणी कागदावर फुंकर मारायला लागलं की बाई नुसतं बघायच्या आणि तो थांबायचा.

आता त्या नववीतल्या मुलीच्या धास्तीबद्दल. वर्षाच्या शेवटी सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवायचे, नावं मागच्या बाजूला. तोच कप, तेच कापड, तीच पद्धत. तरी कुठला कुणाचा हे आम्ही दारातून सांगायचो. एका मुलाला कागद पूर्ण वाळेपर्यंत थांबायला आवडायचं, त्याच्या साऱ्या कडा काचेसारख्या. माझ्या शेजारची पाणी उभं असतानाच रंग सोडायची, तिचा कप धुक्यातून बाहेर आल्यासारखा. दोघांनाही दोन्ही येत होतं. बाईंनी दोघांच्याही कडांना हात लावला नाही.

म्हणून तिला मी एवढंच सांगितलं: जाड कागदाचा एक तुकडा घे आणि खिडकीजवळ बस. रंग उघडू नकोस. स्वच्छ ब्रशने नुसतं पाणी फिरव, टेबलाला हनुवटी टेकव, आणि चौकटीचं प्रतिबिंब कागदावरून जाईपर्यंत बघत राहा.