एका घरातल्या ११ शतकांचा हिशोब

आज विजय आणि संजय मांजरेकरांची कसोटी शतकं एका कागदावर उतरवून काढली. वडिलांची ७, मुलाची ४. वडिलांच्या सातातली ५ भारतात. परदेशात दोनच, १९५२ ला लीड्स (१३३) आणि १९५३ ला किंग्स्टन (११८). मुलाची चारही परदेशात: ब्रिजटाऊन, कराची, लाहोर, हरारे. आडनावाच्या जोरावर खेळला म्हणणाऱ्यांनी हा कागद एकदा बघावा.

घरात क्रिकेट होतंच. नात्यातले दत्ताराम हिंदळेकर भारताचे यष्टिरक्षक. विजय मांजरेकर ५५ कसोटी खेळले, ३२०८ धावा केल्या. शेवटची कसोटी १९६५ ला मद्रासमध्ये न्यूझीलंडविरुद्ध, दुसऱ्या डावात नाबाद १०२. त्याच वर्षी जुलैमध्ये संजयचा जन्म. म्हणजे बापाची एकही कसोटी पोरानं पाहिलेली नाही. १९८३ मध्ये वडील गेले, आणि संजयचं पदार्पण झालं नोव्हेंबर १९८७ मध्ये, दिल्लीत, वेस्ट इंडीजविरुद्ध. तिथं दुसऱ्या डावात विन्स्टन बेंजामिनचा चेंडू डोळ्याजवळ लागला आणि १० धावांवर त्याला मैदान सोडावं लागलं.

यानंतर बरेच फलंदाज उसळत्या चेंडूला पाठ फिरवतात. हा १७ महिन्यांनी ब्रिजटाऊनला मार्शल, अँब्रोज, वॉल्श, बिशप या वेस्ट इंडीजच्या चौघा वेगवान गोलंदाजांसमोर १०८ करतो. मग १९८९ चा पाकिस्तान दौरा: ३, नाबाद ११३, ७६, ८३, २१८, ७२, ४. सात डावांत ५६९ धावा, सरासरी ९४.८३. लाहोरच्या २१८ वर तो धावबाद झाला, कुणा गोलंदाजाला विकेट मिळालीच नाही! समोर इम्रान आणि वसीम असताना. त्या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे उशीर. चेंडूकडे हात पुढे नेऊन खेळायचं नाही, तो डोळ्यांखाली येऊ द्यायचा. त्यामुळे स्विंग पूर्ण दिसतो, बॅटची कड लागलीच तरी हात सैल असल्याने चेंडू स्लिपच्या अलीकडे पडतो, आणि यष्टीबाहेरचा सोडायला शेवटच्या क्षणापर्यंत वाव राहतो.

त्या दौऱ्यानंतर मात्र उरलेल्या कारकिर्दीत एकच कसोटी शतक. मग बिनसलं कुठे? वडिलांच्या नावाचं ओझं, हे उत्तर मला पटत नाही. ओझं असतं तर ते १९८९ मध्येही होतं. बिनसलं ते तंत्राच्या ध्यासामुळे, आणि हे त्यानं स्वतःच पुढे मोकळेपणानं मान्य केलंय. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, बॅट आणायची. कोपर वर आहे का, डोकं कुठे आहे, हे तपासायला त्यात जागाच नाही. तपासणी नेटमध्ये संपवायची असते. ती मधल्या खेळपट्टीपर्यंत आली की पाय एका ठिकाणी रुततात. बाद होत नाही, पण धावाही निघत नाहीत, आणि धावफलक हलेना की समोरच्या फलंदाजावर दडपण येतं.

१९९२ चं हरारे शतक मी म्हणूनच दोन्ही बाजूंनी वाचतो. झिम्बाब्वेची पहिलीच कसोटी, त्यांच्या ४५६ धावा, आणि याचं शतक ५०० मिनिटांचं. फॉलोऑन (लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागणं) टळला, सामना वाचला. त्या दिवशी खडूसपणाच हवा होता. पण तीन वर्षांपूर्वी लाहोरला हाच माणूस किती सहज खेळला होता, ते आठवलं की जीव हळहळतो.

प्रथम श्रेणीत (कसोटी आणि रणजीसारखे मोठे सामने मिळून) त्याची सरासरी ५५ च्या पुढे, कसोटीत ३७.१४. या दोन आकड्यांमध्ये १८ धावांची दरी आहे, आणि मुंबईसाठी १९९०-९१ मध्ये हैदराबादविरुद्ध केलेल्या ३७७ धावा तिच्या वरच्या काठावर उभ्या आहेत. तो मुंबईचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. पृथ्वी शॉनं ३७९ करून दोन धावांनी मोडला.

शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९६, अहमदाबाद. वय ३१. वडील नाबाद १०२ करून थांबले तेव्हा ३३ वर्षांचे होते.