समुद्रपातळीचा वरचा आकडा

जागतिक हवामान संशोधन कार्यक्रमाच्या पुढाकाराने जुलै २०२२ मध्ये सिंगापूरला समुद्रपातळीविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याआधी २०१७ मध्ये अशीच परिषद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाली होती आणि २००६ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या वास्तूत एक मोठी कार्यशाळा झाली होती. यांपैकी कोठेही मी गेलेलो नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भूगोल शिकवणाऱ्या माणसाचा या विषयाशी संबंध येतो तो प्रसिद्ध झालेले अहवाल आणि शोधनिबंध वाचण्यापुरताच. मात्र या सोळा वर्षांतले लेखन सलग वाचले, तर वाद कोठून कोठे सरकला हे स्पष्ट दिसते. पाणी चढते आहे काय, हा प्रश्न तेथे केव्हाच मिटलेला होता. वाद आहे तो अंदाजाच्या वरच्या टोकाचा, आणि त्या टोकाविषयी लोकांना काय सांगावे याचा.

मोजमापाची बाजू तुलनेने पक्की आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह सोडण्यात आला, तेव्हापासून समुद्राची उंची अवकाशातून अखंड मोजली जात आहे. २०१३ मध्ये भारत आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला ‘सरल’ हाही त्याच मालिकेतला. समुद्रात तरंगणारी अर्गो यंत्रे पाण्याचे तापमान सांगतात, तर हिमस्तराचे वस्तुमान किती घटले हे ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील फरकावरून दाखवले. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटरवर गेला.

अडचण पुढच्या काळाची आहे, आणि २००७ च्या आयपीसीसी अहवालाइतके तिचे बोलके उदाहरण दुसरे नाही. त्या अहवालाच्या तक्त्यात शतकाअखेरची वाढ १८ ते ५९ सेंटिमीटर अशी दिली होती. हिमनद्यांच्या प्रवाहाला अचानक येणाऱ्या गतीचे गणित तेव्हाच्या प्रारूपांना नीट मांडता येत नव्हते, म्हणून तो भाग आकड्यातून वगळला होता आणि तसे लिहिलेही होते. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणाच होता. परंतु तक्ता वर्तमानपत्रात छापला गेला आणि त्याखालची सूचना मागे राहिली. ज्या घटकाविषयी सर्वांत कमी माहिती होती, त्याचा वाटा वाचकाच्या हिशेबात शून्य धरला गेला. माझ्या मते या विषयातील सर्वांत महागडी तळटीप तीच होय.

तो वगळलेला भाग काय होता, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर ज्या खडकावर टेकलेला आहे, तो खडक बहुतांशी समुद्रसपाटीच्या खाली असून किनाऱ्याकडून आत जावे तसतसा आणखी खोल होत जातो. बर्फ जेथे खडक सोडून तरंगू लागतो ती रेषा एकदा मागे सरकली की तिच्यापाशी बर्फाची जाडी वाढते, जाडीबरोबर समुद्राकडे वाहण्याचा वेग वाढतो आणि रेषा आणखी मागे जाते. या प्रक्रियेला आवर घालतात ते पुढचे तरंगते हिमफलक. उतारावर उभ्या केलेल्या उसाच्या गाडीच्या चाकाखाली उटीचा दगड असतो, तसे त्यांचे काम. ते आधीच तरंगत असल्यामुळे वितळले तरी त्यांच्यामुळे पाणी फारसे चढत नाही, पण दगड निघाला की गाडी सुटते. २००२ मध्ये अंटार्क्टिकातला लार्सन-बी हा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा फलक काही आठवड्यांत फुटला आणि त्याच्या मागच्या हिमनद्यांचा वेग वाढला, तेव्हा हे नुसते कागदावरचे गणित उरले नाही. आज सर्वांचे लक्ष पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर आहे ते याच कारणाने.

२०१६ मध्ये डीकॉन्टो आणि पोलार्ड या शास्त्रज्ञांनी आणखी एक पायरी मांडली. हिमफलक गेल्यावर उघडे पडलेले बर्फाचे उंच कडे स्वतःच्याच भाराने कोसळू लागतील, आणि उत्सर्जन असेच चालू राहिले तर केवळ अंटार्क्टिकातून या शतकात एक मीटरहून अधिक वाढ होऊ शकेल, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षीच्या न्यूयॉर्क परिषदेच्या वेळी हा निबंध ताजा होता. नंतर त्यावर आक्षेप आले: असे कडे खरोखर किती वेगाने कोसळतात याची निरीक्षणे तुटपुंजी आहेत, आणि ही प्रक्रिया न धरताही पूर्वीच्या उष्ण काळातील समुद्रपातळीचे स्पष्टीकरण देता येते. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो लवकर मिटावा अशी अपेक्षा धरणेही योग्य होणार नाही.

२०२१ च्या अहवालाने यातून जो मार्ग काढला, तो मला २००७ पेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो. उत्सर्जन अत्यंत कमी राहिले तर शतकाअखेर २८ ते ५५ सेंटिमीटर, फार जास्त राहिले तर ६३ सेंटिमीटर ते १.०१ मीटर, हे त्यातले मुख्य पल्ले. त्यांच्या जोडीला, जिच्याविषयी खात्रीने बोलता येत नाही अशी शक्यताही उघडपणे मांडली आहे: हिमस्तर अस्थिर झाले, तर २१०० पर्यंत जवळजवळ दोन मीटर आणि २१५० पर्यंत पाच मीटर वाढ नाकारता येत नाही. मुख्य पल्लाही खरे उत्तर सामावण्याची शक्यता किमान ६६ टक्के इतक्याच अर्थाने दिलेला आहे. म्हणजे १.०१ मीटर ही कमाल मर्यादा नाही. बातमीत मात्र ती बहुधा तशीच छापली जाते.

सिंगापूरला हा प्रश्न घरचाच आहे. बेटाचा सुमारे ३० टक्के भाग समुद्रसपाटीपासून पाच मीटरहून कमी उंचीवर आहे, आणि किनारा राखण्यासाठी शंभर वर्षांत शंभर अब्ज सिंगापुरी डॉलर लागू शकतील, असे तेथील पंतप्रधानांनी २०१९ मध्येच सांगितले होते. अशा देशाला जागतिक सरासरी पुरत नाही. पाणी सगळीकडे सारखे चढतही नाही. ग्रीनलंडचे बर्फ घटले की त्याचे आकर्षण कमी होते, आणि त्यामुळे त्याच्या अगदी जवळचा समुद्र चक्क खाली जातो, तर दूरच्या उष्ण प्रदेशांच्या वाट्याला सरासरीइतके किंवा थोडे जास्त पाणी येते. आपला अरबी समुद्र त्या दूरच्या प्रदेशांत मोडतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागरातील अशा जुन्या नोंदींवरून वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर असा वाढीचा वेग काढला होता. तो विसाव्या शतकाचा हिशेब आहे. पुढच्या बांधकामासाठी तो जसाच्या तसा वापरणे धोक्याचे ठरेल.

वर्गात हे सांगितले की मुले म्हणतात, “ते गोव्याचे लोक बघतील की ओ सर.” बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्यामुळे हे उत्तर अगदीच अनाठायी नाही. तथापि आमच्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावणारी महादयी चोर्ल्याच्या पलीकडे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते, तर कणकुंबीची मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला जाते. महादयीचे पाणी मलप्रभेत वळवण्याचा कर्नाटक आणि गोवा यांच्यातला कळसा-भांडुरा वाद येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खाडीत खारेपणा वाढेल, हा गोव्याचा एक आक्षेप आहे. मांडवीत भरती कित्येक किलोमीटर आतपर्यंत जाते, आणि तिच्या काठच्या खाजन, म्हणजे खाडीलगतच्या सखल, जमिनी बांध व मानशी (पाण्याची दारे) यांच्या भरवशावर पिकतात. वरून येणारे गोडे पाणी आणि खालून चढणारे खारे पाणी यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागेल, हे कोणत्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हायला हरकत नसावी.

प्रत्येक कामाला मात्र तोच आकडा लागू पडत नाही. खाजनाचा बांध दर काही वर्षांनी दुरुस्त होतो, त्याची उंची पाण्याबरोबर वाढवत नेता येते. तेथे मधला अंदाज धरून चालता येईल. शंभर वर्षे टिकावा म्हणून बांधलेला पूल किंवा शहराची सांडपाण्याची व्यवस्था अशी उचलता येत नाही, आणि तेथे वरच्या टोकाचाच विचार करावा लागतो. महादयी लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्या निवाड्याचा फेरविचार २०४८ नंतर होऊ शकतो. शतकाच्या मध्यापर्यंतच्या अंदाजांत उत्सर्जन कमी की जास्त याने मोठा फरक पडत नाही: १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २०५० मध्ये जगाची वाढ साधारण १५ ते २९ सेंटिमीटर असेल. म्हणजे फेरविचाराच्या वेळी मांडवीच्या मुखाशी समुद्र कोठे असेल, याचा पुरेसा भरवशाचा आकडा आजच उपलब्ध आहे, आणि तो गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना आतापासून आपापल्या गणितात घेता येईल.