नागपूर: तर्री, सोले आणि शेतातले रोडगे

नागपूरला खास खायला म्हणून जाणार असाल तर डिसेंबर टाळा. थंडी सुरेख असते हे खरं, पण १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं आणि ते बहुतेक डिसेंबरातच येतं. त्या दिवसांत सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स भागात खोली मिळणं मुश्कील, मिळाली तर भाव चढा, आणि मोर्च्यामुळे कुठला रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो. मे महिन्याचं तर नावच नको, पारा पंचेचाळिशी गाठतो. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि शाळकरी लेक, २६ जानेवारीची सुट्टी धरून गेलो. तुरीच्या शेंगांचा मोसम, बाजारात वांगी, सकाळी स्वेटर आणि दुपारी उन्हाची टोपी. याहून चांगला काळ मला तरी सुचत नाही.

मुंबई-ठाण्याकडून विदर्भ एक्स्प्रेस सोयीची. संध्याकाळी बसलं की सकाळी नागपूर. समृद्धी महामार्ग आता पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता. पण लहान मूल बरोबर असेल तर मी रेल्वेच सांगेन. इतक्या सरळ रस्त्यावर चालवणाऱ्याला झोप येते आणि मागच्या सीटवरच्याला कंटाळा.

राहायला आम्ही हॉटेल घेतलं नाही. शंकरनगरजवळ स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली, तळमजल्यावर घरमालकीण काकू. खाण्यासाठी आलेल्या माणसाने स्वयंपाकघर कशाला घ्यायचं, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. माझं मत उलटं. नागपूरचं निम्मं खाणं हॉटेलात मिळतच नाही. शिवाय गोकुळपेठेचा भाजीबाजार पायी गाठता येतो, अंबाझरी आणि फुटाळा दोन्ही तलाव जवळ, आणि मेट्रोच्या अॅक्वा मार्गावरचं शंकरनगर चौक स्टेशन हाताशी. सीताबर्डीला मार्ग बदलला की अर्धं शहर आवाक्यात येतं. इतवारी, महाल या जुन्या वस्त्यांत मात्र गल्ल्या अरुंद आहेत, तिथे रिक्षा बरी.

सकाळ तर्री-पोह्यांची. कस्तुरचंद पार्कच्या आसपासच्या गाड्यांवर हे पोहे प्रसिद्ध आहेत, पण खरं सांगायचं तर शहरातल्या कुठल्याही गर्दीच्या गाडीवर वाईट मिळत नाहीत. पोह्यांवर हरभऱ्यांची लालभडक तर्री, म्हणजे झणझणीत पातळ रस्सा, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. पुण्या-मुंबईच्या खोबरं-शेंगदाण्याच्या मऊ पोह्यांची सवय असलेल्यांनी पहिल्यांदा तर्री वेगळी मागावी. पोहे मऊ होऊन बसले तर मजा जाते, म्हणून थोडी थोडी ओतत खायचं. लेकीने तर्रीतले हरभरे तेवढे वेचून खाल्ले आणि पोहे बापाला दिले. नऊच्या आत जा. नंतरही मिळतात, पण तोवर तळाची तर्री उरलेली असते आणि ती जास्तच झणझणीत असते.

२६ तारखेला पोहे खाऊन सीताबर्डीचा किल्ला पाहिला. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठराविक दिवशीच लोकांना आत सोडतात. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई याच टेकडीवर झाली. रांग लांब असते, ओळखपत्र जवळ ठेवा, पाणी बरोबर घ्या. वरून शहर छान दिसतं, एवढ्यासाठीही चढायला हरकत नाही.

आता सावजी. नागपूरला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी हेच विचारतात, आणि मला इथेच थोडं भांडायचंय. सावजीचं तिखट ही आता बढाईची गोष्ट झाली आहे. कोण किती घाम गाळून खातो याची स्पर्धा. मुळात हे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरचं जेवण. मसाला काळपट होईस्तोवर भाजायचा, वाटायचा, आणि पूर्वी जवसाच्या तेलात शिजवायचा. त्या भाजलेल्या मसाल्याची खोल चव हीच त्यातली खरी गोष्ट, आणि तिखटाच्या गमजांत नेमकी तीच हरवते. आम्ही महालातल्या एका जुन्या भोजनालयात दुपारी गेलो. बाकडी, स्टीलची ताटं, भिंतीवर मोजक्या पदार्थांची पाटी. मटण, खूर, कलेजी आणि शाकाहारींसाठी डाळकांदा, पाटोडी (म्हणजे बेसनाची पाटवडी), वांगं.

पुढच्यांसाठी चार गोष्टी. दुपारीच जा, संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी पिणाऱ्यांची बैठक जमते आणि मुलांना घेऊन बसावंसं वाटत नाही. आधी एकच रस्सा मागवा, तो पोळीशी किंवा भाकरीशी चाखा, मग पुढचं ठरवा. रश्श्यावर तरंगणारी तेलाची तर्री चमच्याने बाजूला सारली तर वाढणारा रागावत नाही. आणि तिखट लागलं तर गार पाण्यामागे धावू नका, साधा भात खा. मुलीसाठी आम्ही घरून दही डब्यात नेलं होतं. तिथल्या दादाने डबा पाहिला, हसला आणि न सांगता एक जादा पोळी आणून ठेवली. मटण अप्रतिम होतं. पण एकदाच पुरे. रोज दोन वेळा सावजी खाणारे पर्यटक दुसऱ्या दिवशी काय करतात, ते त्यांनाच विचारा.

जमलं तर लंबी रोटी चुकवू नका. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं मडकं, आणि सैल कणीक हातावर झुलवत झुलवत ताणून त्यावर पसरणाऱ्या बायका. रोटी रुमालासारखी पातळ आणि हातभर मोठी. बऱ्याच जणी सांगून ठेवल्यावरच करतात, म्हणून सकाळीच विचारून ठेवा. मटणाच्या रश्श्याबरोबर खातातच, पण मला ती नुसत्या तुपाशी जास्त आवडली.

बाकी सगळं खाणं आम्ही घरी केलं, आणि प्रवासातला सगळ्यात चांगला भाग तोच. गोकुळपेठेत सकाळी ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग असतात. सोललेले दाणे, म्हणजे सोलेही मिळतात, पण संध्याकाळपर्यंत त्यांचा रंग उतरतो, म्हणून शेंगाच घ्याव्यात. सोलायचं काम लेकीकडे दिलं. निम्मे दाणे तिच्या तोंडात गेले. काकू पायरीवर बसून बघत होत्या. मी नेहमीच्या सवयीने गोडा मसाला काढला तर म्हणाल्या, "अवो, ते राहू द्या बाजूला. सोल्याले त्याची काय गरज?" मग त्यांनीच सूत्रं हातात घेतली. सोले आधी तव्यावर भाजले, लसूण-मिरचीबरोबर जाडसर ठेचले, फोडणीत परतून पाणी घातलं आणि उकळी आल्यावर मूठभर कोथिंबीर. इतकंच. भाकरी कुस्करून खायची.

दुसऱ्या दिवशी गोळाभात. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, मीठ आणि गरम तेलाचं मोहन घालून घट्ट गोळे वळायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवायचे आणि झाकण मारायचं. भाताच्या वाफेवर गोळे शिजतात. पानात गोळा फोडून भातात कालवायचा आणि वरून हिंग, मोहरी, सुक्या मिरच्यांची कडकडीत फोडणी. मी फोडणीचं तेल जपून घातलं तर काकूंनी पळीच काढून घेतली. "तुमी मुंबईचे लोकं तेल टाकताना इतके घाबरता कावून?" त्यांनी ओतलं तेवढं तेल मी घरी चार दिवस पुरवते. पण खाऊन पाहिल्यावर पटलं. डाळीचे गोळे कोरडे असतात, कमी तेलात घशाशी अडकतात. सोबत ताकाची कढी हवीच. मिरची शक्य तर भिवापुरी घ्या. नागपूर जिल्ह्यातलीच आहे, रंगाला गडद, आणि बाजारात नावानिशी विचारली की देतात.

ज्यांना स्वयंपाकघर नको असेल त्यांनी बजाजनगरमध्ये विष्णू मनोहर यांच्या 'विष्णूजी की रसोई'त वऱ्हाडी पद्धतीचं जेवावं. धरमपेठ, रामदासपेठेत विद्यार्थ्यांच्या खानावळीही आहेत. बाहेरच्याला एका वेळेचं ताट देता का, एवढं आधी विचारायचं. पाटवडी-रस्सा आणि सांबारवडी (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मात्र बाहेर खाल्ली तरी चालते. सांबारवडी थंडीतच खावी, कोथिंबीर स्वस्त असते तेव्हा ती आत ठासून भरलेली असते. पावसाळ्यात तिच्या पोटात नुसतं बेसन निघतं, असं काकूंचं मत.

एवढं खाल्ल्यावर पाय मोकळे करणं भाग होतं. सेमिनरी हिल्सवर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, झाडी दाट, हवा बोचरी. अंबाझरीच्या मागचं जैवविविधता उद्यान मला जास्त आवडलं. मोकळं गवताळ माळरान, पाण्याकाठचे पक्षी, आणि सायकल चालवायला मोठा टापू. सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर सावली शोधावी लागते. फुटाळ्यावर संध्याकाळी सगळं गाव लोटतं. भाजलेलं कणीस आणि चहा घेऊन काठावर बसायला ठीक, शांतता हवी असेल तर तिकडे फिरकू नका. पावसाची किंवा उन्हाची दुपार काढायची असेल तर अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, आहेच. सोमवारी बंद.

रामटेक पन्नासेक किलोमीटर. गडमंदिर, पायथ्याचा अंबाळा तलाव, कालिदास स्मारक, वाकाटककालीन नरसिंह मंदिर, पलीकडे खिंडसी तलावात नौकाविहार. दिवस पुरतो. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, माकडं वाटच बघत असतात.

पण मोकळ्यावरचा खरा दिवस काटोल रोडच्या बाजूला, काकूंच्या दिरांच्या शेतात. हा सगळा पट्टा संत्र्यांचा. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीतल्या फुलोऱ्याची फळं डिसेंबरच्या आसपास संपत येतात आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्चला जोरात असतात. आम्ही त्यांच्या मध्ये सापडलो, तरी काही झाडं पिकायला लागली होती. फळ ओढून तोडू नका, देठाशी साल फाटते आणि ते टिकत नाही. कात्रीने देठ ठेवून कापायचं.

बेत रोडग्यांचा होता. कणीक जाडसर, घट्ट भिजवलेली. एक गोळी लाटून तिला तेल लावायचं, तिच्यात दुसरी गुंडाळायची, मग आणखी एक, आणि शेवटी तोंड बंद करून गोल गरगरीत रोडगा. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर संपेपर्यंत थांबायचं, मग निखारे पसरून त्यात रोडगे ठेवायचे आणि वरून राखेचं पांघरूण. आमच्याकडच्या उत्साही मंडळींना हा थांबण्याचा भाग जमत नाही. नवरा दर पाच मिनिटांनी काडीने उकरून बघत होता, शेवटी भाऊंनी, म्हणजे काकूंच्या दिरांनी, त्याला पाणी आणायच्या कामाला लावला. तोवर दुसऱ्या चुलीवर मोठ्या कढईत वांग्या-बटाट्याची भाजी, तेल वर तरंगणारी, आणि तुरीचं साधं वरण. रोडगे काढून फडक्याने राख झटकायची, मुठीने फोडायचे, आतले पदर वाफाळत सुटतात. त्यात तूप ओतायचं, हात आखडता घेतला तर चारचौघांत बोलणी खावी लागतात. पत्रावळीवर वरण ओघळून जमिनीवर जातं, म्हणून आधी रोडगा कुस्करून बांध घाला, मग वरण मागा.

दोन रोडग्यांवर कोणी थांबवत नसलं तरी थांबा. ते पोटात नंतर फुगतात. जेवणानंतर कोणी गाडी चालवायला तयार नव्हतं, सगळे झाडाखाली आडवे.

ओळखीचं शेत नसेल तर घरगुती ऑर्डर घेणाऱ्या बायका नागपुरात बऱ्याच आहेत, रोडगे आणि वांग्याची भाजी करून देतात. एक दिवस आधी सांगावं लागतं आणि चार माणसांचं तरी घ्यावं लागतं. मात्र गोवरीवर भाजणार की ओव्हनमध्ये, हे विचारून घ्या. ओव्हनचे रोडगे दिसायला नीट असतात, वास त्यांना नसतो.

परतीची खरेदी. संत्री घेताना फळ हातात जड लागलं पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल सैलच असते, तेवढ्यावरून ते जुनं समजू नका. पिशवीत नेऊ नका, खोक्यात न्या. संत्रा बर्फी शेवटच्या दिवशी घ्या आणि बनवल्याची तारीख बघा. जवसाची चटणी आणि भिवापुरी तिखट बाजारातून पावशेर पावशेर. गोळाभातासाठी डाळीचा भरडा काकूंनीच गिरणीतून आणून बांधून दिला. मुंबईत तो दळून मागितला तर गिरणीवाला आधी बेसन पुढे करतो, तेव्हा "रव्यासारखा जाडा" असं स्पष्ट सांगायचं.