रंगपटातला एक मस्कारा आणि आम्ही पाच जणी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या कालोत्सवाला बायकांचं नाटक असतं, गेल्या वर्षी मीही त्यात होते. देवळामागच्या खोलीत एकच आरसा, एकच ट्यूबलाइट आणि पाच जणींत एकच मस्कारा. "वहिनी, तुमचं झालं की इकडे द्या" असं करत तो ब्रश सगळ्यांच्या पापण्यांवरून फिरला. तिसऱ्या दिवशी माझ्या वरच्या पापणीवर ही एवढी रांजणवाडी, सकाळी डोळा उघडेना, आणि आणखी दोघींचे डोळे लालभडक.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, मस्कारा उघडून किती दिवस झाले? कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून मी नवी ट्यूब उघडली की तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनाने महिना लिहिते, आणि ३ महिने झाले की अर्धी भरलेली असली तरी टाकते. पैसे जातात, जाऊ देत. पापणीवरचे जंतू ब्रशबरोबर आत जातात आणि आत ओल, अंधार सगळं त्यांना पाहिजे तसंच. ब्रश वरखाली पंपासारखा मारला की हवा आत जाऊन मस्काराही लवकर सुकतो, म्हणून नुसता गोल फिरवून बाहेर काढायचा. सुकला म्हणून त्यात पाण्याचा थेंब किंवा थुंकी अजिबात नको! वास बदलला, गुठळ्या झाल्या तर ३ महिन्यांचीही वाट बघू नका.

बाजारात घेताना बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मुदत छापलीय का बघा, नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. उघड्या डबीचं चित्र आणि आत ६एम असेल तर उघडल्यावर ६ महिने असा त्याचा अर्थ, पण डोळ्यांच्या बाबतीत मी ३ च धरते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पर्स ठेवू नका, उष्णतेने तो बिघडतो.

आपल्याकडच्या दमट हवेत वॉटरप्रूफ लावावासा वाटतो, मान्य, पण तो उतरवताना पापण्यांची कातडी ओढली जाते आणि तिथली कातडी आख्ख्या अंगात सगळ्यात पातळ. म्हणून रोज साधाच, वॉटरप्रूफ फक्त नाटकाला, लग्नाला. उतरवताना कापसाच्या पॅडवर रिमूव्हर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता धरायचा, मग हलक्या हाताने खाली पुसायचा, चोळायचं नाही. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालायची मग मेकअप, आणि रात्री आधी लेन्स काढायची मग मेकअप. आणि कितीही दमलात तरी मस्कारा लावून झोपायचं नाही. चालत्या बसमध्ये तर लावूच नका, एक गचका बसला की ब्रश थेट बुबुळाला लागतो.

रांजणवाडी आलीच तर फोडायची नाही. स्वच्छ कपडा कोमट पाण्यात पिळून १० मिनिटं शेक, दिवसातून तीनचार वेळा, आणि बरं होईपर्यंत काजळसुद्धा नाही. डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

यंदा तालमीच्या पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलंय, रंग, पावडर, गजरे सगळं वाटून घेऊ, मस्कारा मात्र प्रत्येकीने आपापला आणायचा. काकी जरा रागावल्या, पण परवा पर्समधून स्वतःची नवी ट्यूब काढून दाखवली, वर महिना लिहिलेला.