दिवाळीच्या सुट्टीतलं हैदराबाद

रविवार, रात्री

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचं, हे आज जेवताना नक्की झालं. भाऊबीज आटोपली की शुक्रवारी रात्री नांदेडहून गाडीत बसायचं. शनिवारी सकाळी काचिगुडा, शनिवार-रविवार-सोमवार तिथे, आणि सोमवारी रात्रीच परतीची गाडी. ह्यांना तेवढीच रजा मिळते. मलाही त्याहून जास्त नको आहे. शहर पाहायला मुलांना तीन दिवस पुष्कळ होतात, त्यापुढे ती कंटाळतात आणि मग आपण चिडतो.

आमच्या गल्लीत हैदराबादला निघालो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कोण आजारी आहे?" नांदेडच्या माणसाचं दुखणं मोठं निघालं की तो पुण्या-मुंबईआधी हैदराबाद गाठतो. सासूबाईंच्या वेळी आम्हीही तेच केलं. थोरली तेव्हा दुसरीत होती, धाकटा कडेवर. तिने पाहिलेलं हैदराबाद म्हणजे दवाखान्याचा व्हरांडा, खालचं मेडिकल आणि लॉजची जाळीची खिडकी. मागच्या महिन्यात तिने सहज म्हटलं, "मला हैदराबाद नाही आवडत, तिथे फिनेलचा वास येतो."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या शहराकडे या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला, कज्ज्याला, शिकायला जात आली, त्याची आमच्या लेकीकडे एवढीच आठवण असावी, हे मला सोसत नाही. म्हणून गोवा नाही, महाबळेश्वर नाही. हैदराबादच.

सोमवार

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस असायचं. सकाळी आठच्या ठोक्याला हे मोबाईल घेऊन बसले होते, मी बाजूला सगळ्यांची वयं कागदावर लिहून.

धाकटा नऊ वर्षांचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं खरं, पण त्यात बर्थ नसतो. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. रात्रभराच्या प्रवासात मूल आपल्याजवळ अर्ध्या जागेत झोपवायचं आणि सकाळी त्याच्याकडून चालण्याची अपेक्षा करायची, हे मला पटत नाही. पूर्ण तिकीट काढलं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे मुलांच्या आजोबांचं, नानांचंही पूर्णच. खालचा बर्थ मात्र मिळाला.

हो, नाना येणार आहेत. पंच्याऐंशीच्या घरात आहेत, गुडघे कुरकुरतात, तरी विचारल्याबरोबर म्हणाले, "काचिगुड्याला उतरणार असाल तर येतो." सिकंदराबादला उतरणार असतो तर आले नसते की काय, कोण जाणे. काचिगुडा त्यांचं स्टेशन आहे. तेरा-चौदा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर जमिनीच्या खटल्यासाठी हैदराबादला गेले होते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, हायकोर्टही तिथलंच. गाडी मीटरगेजची, कोळशाची. उतरल्यावर नाकपुड्या काळ्या झालेल्या असत, असं ते सांगतात.

परतीचं तिकीट गुरुवारी उघडेल, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. धांदलीत विसरायला नको म्हणून कॅलेंडरवर लाल गोल केला आहे.

शनिवार

आरतीनंतर सगळ्यांना एकेक कागद दिला आणि सांगितलं, जे पाहायचं ते लिहा, पण तीनच.

थोरलीने पहिल्या ओळीत रामोजी फिल्म सिटी लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मग मेट्रो, मग लाड बाजारातल्या बांगड्या. धाकट्याने डायनासोर, बोट आणि "किल्ला (तोफ असलेला)". ह्यांनी बिर्याणी, सालारजंग संग्रहालय, पुन्हा बिर्याणी. नानांनी कागद कोराच परत दिला. "मी तुमच्या मागे," म्हणाले. मी तो त्यांच्या उशाशी ठेवून दिला.

रामोजीवरून बराच वेळ बोलणं झालं. १९९६ साली उभारलेली ती चित्रनगरी जगातली सर्वांत मोठी मानली जाते, मुलांना तिथे आवडणार यात शंका नाही. पण ती शहराबाहेर विजयवाड्याच्या रस्त्याला, तासाभरावर. सकाळी निघून रात्री परत, म्हणजे तीनांतला एक पूर्ण दिवस गेला, आणि त्या दिवशी हैदराबाद काही दिसलं नाही. नानांना तर तो दिवस झेपणारच नाही. लेकीला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. रामोजी ही वेगळी सहल आहे, ती मैत्रिणींबरोबर किंवा शाळेबरोबर करू, हेही सांगितलं. तिला वाईट वाटलं, डोळे भरले. मुलांना सहलीच्या बेतात घ्यायचं तर त्यांची निराशाही समोर बसून ऐकावी लागते. गोड बोलून विषय बदलणं मला आवडत नाही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मग मेट्रोत किती वेळा बसायचं?" म्हटलं, रोज.

मंगळवार

गौरी जेवल्या, पाहुणे गेले. आज निवांत बसून नकाशा पाहिला.

राहायचं कुठे यावर बाकी सगळं ठरतं. हायटेक सिटीकडे हॉटेलं नवी आणि चकचकीत, पण आम्हाला पाहायचं ते सगळं मुसी नदीच्या आजूबाजूला आणि हुसेनसागराकडे. मुलांचा वेळ आणि ताकद प्रवासात घालवायची नाही. म्हणून नारायणगुड्यात खोली घेणार. काचिगुडा स्टेशन तिथून जवळ आणि मेट्रोचं स्थानक हाकेवर. हैदराबादची मेट्रो २०१७ पासून सुरू आहे. नारायणगुड्याहून सुलतान बाजार, त्यापुढे एम.जी.बी.एस. (महात्मा गांधी बस स्थानक), तिथे हिरवी लाइन संपते आणि लाल लाइन मिळते. थोरलीने तो नकाशा रंगीत पेनांनी वहीत काढून घेतला. तिथे कुठे चढायचं, कुठे बदलायचं, हे तीच सांगणार. आम्ही तिच्या मागे जाणार.

एक नियम मी घातला आहे, तो कोणी मोडायचा नाही. दुपारी एक ते चार खोलीवर. जेवण, झोप, पंख्याखाली लोळणं. नानांना त्याची गरज आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला नानांइतकीच आहे. दिवसात मोठं ठिकाण एकच, बाकी जमलं तर.

शुक्रवार

धाकट्याच्या डायनासोरसाठी शोधाशोध केली आणि मीच थक्क झाले.

नौबत पहाडावर बिर्ला तारांगणाशेजारी विज्ञान संग्रहालय आहे. तिथे डायनासोरचा सांगाडा उभा केलेला आहे, आणि तो प्लास्टरचा परदेशी नमुना नाही. कोटासॉरस त्याचं नाव. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, नऊएक मीटर लांबीचा, झाडपाला खाणारा प्राणी. त्याची हाडं सापडली यमनपल्ली गावाजवळ, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात. गोदावरी! आमच्या नांदेडच्या घाटावरून जे पाणी जातं, ते पुढे त्याच बाजूला जातं. धाकट्याला पाटीपूजेला बासरला नेलं होतं, तेही याच नदीकाठी.

संध्याकाळी त्याला नकाशावर बोटाने नदी दाखवली. नांदेड, बासर, मग खाली खाली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तो आपल्याकडचाच आहे?" म्हटलं, आपल्याच नदीकडचा. आता शनिवारचा पहिला मान कोटासॉरसचा. नंतर उतरून हुसेनसागर. तळ्याच्या मधोमधच्या बुद्धाची गोष्ट मी राखून ठेवली आहे. एकाच दगडातून घडवलेली अठरा मीटरची ती मूर्ती १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना तळ्यात बुडाली, माणसं गेली, आणि दोनेक वर्षं ती तळाशीच होती. १९९२ मध्ये वर काढून उभी केली. हे बोटीत बसल्यावर सांगायचं, आधी नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. मुलं सकाळी पांढऱ्या गणवेशात झेंडावंदनाला गेली. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आणि आपला भाग १३ महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला, हे दोघांनाही पाठ आहे. भाषणात दरवर्षी स्वामी रामानंद तीर्थांचं नाव येतं, विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, चौकात पुतळा दिसतो. पण हे सगळं ज्या राजधानीशी लढून झालं तेच हैदराबाद, हे थोरलीच्या ध्यानात आज पहिल्यांदा आलं. "म्हणजे आज्जीचा दवाखाना होता तेच?" तिने विचारलं. तेच. स्वामीजींची समाधीही तिथेच बेगमपेठेत आहे.

मग नाना बोलू लागले. पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं तेव्हा, ते आठ वर्षांचे. रझाकारांच्या, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, भीतीने रात्री शेतात झोपायला जायचे, तेव्हा ज्वारी डोक्याएवढी उभी होती. शाळा उर्दूतून. घरात दोन तऱ्हेचा पैसा, निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार, आणि बाजारात कुठला चालतो यावरून घासाघीस. त्याच सुरात पुढे त्यांनी वडिलांना उर्दू शिकवणाऱ्या मास्तरांचं नाव घेतलं आणि हात जोडले. ते मास्तर मुसलमान होते, आणि त्या दिवसांत त्यांनीच आमच्या घरच्यांना सावध केलं होतं. मुलांनी दोन्ही गोष्टी एकाच तोंडून ऐकल्या, याचं मला फार समाधान आहे. पाठ्यपुस्तकाच्या दीड पानात एवढं मावत नाही.

रात्री नानांनी उशाचा कोरा कागद मागून घेतला. थरथरत्या अक्षरात तीन ओळी. काचिगुडा. हायकोर्ट (बाहेरून). इराणी चहा.

रविवार

बेत बसला.

रविवारी सकाळी उघडतानाच गोवळकोंडा, ऊन चढायच्या आत. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, म्हणजे गोवळकोंडा आणि चारमिनार दोन्हीकडे आमची दोघं फुकट. वरपर्यंत साडेतीनशेहून जास्त पायऱ्या. नाना चढणार नाहीत, आणि त्यांना खाली नुसतं बसवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण या किल्ल्याची खासियतच अशी की बालाहिसार दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली तर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते. शत्रू आला की वर खबर पोचायची ती अशी. तर खाली नाना टाळी वाजवणार आणि वर नातवंडं कान देऊन उभी राहणार. खुणेच्या टाळ्या किती आणि कधी, यावर आजपासूनच खल चालू आहे. घरात दिवसभर टाळ्या.

सोमवार सालारजंगचा. शुक्रवारी ते बंद असतं, रविवारी गर्दी, म्हणून सोमवार बरा. तिथे सगळी दालनं पाहायची नाहीत, हे मी निक्षून सांगितलंय. संग्रहालयात मुलांचे पाय दुखायला लागले की डोळे बंद होतात. तीन गोष्टी पाहायच्या. बुरख्यातली रिबेका, जिच्या चेहऱ्यावरचं झिरझिरीत वस्त्रही संगमरवराचंच आहे. तो लाकडी पुतळा, ज्याच्या समोरून फाउस्टच्या गोष्टीतला सैतान मेफिस्टोफेलिस ताठ उभा दिसतो आणि मागच्या आरशात त्याच गोष्टीतली मान खाली घातलेली मार्गारेटा. आणि घड्याळ. दर तासाला त्यातून एक छोटा दाढीवाला बाहेर येऊन घंटा वाजवतो. तासाएवढे ठोके असतात, म्हणून बाराच्या आधी तिथे जाऊन बसायचं, म्हणजे एकदम बारा ऐकायला मिळतील.

त्या दिवशी एकचा नियम तासभर पुढे सरकेल, कारण बाहेर आलं की मुसी आणि त्याच काठाला पुढे हायकोर्टाचे घुमट. तिथे ऑटो थांबवायचा आणि नानांना हवा तेवढा वेळ द्यायचा. कोणी घाई करायची नाही, धाकट्यालाही आत्तापासून बजावलंय. खोलीवर विश्रांती घेऊन उन्हं उतरताना १५९१ चा चारमिनार, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं, तिथून सामान घेऊन थेट काचिगुडा.

रविवारची संध्याकाळ मी कोरी ठेवली आहे. ह्यांना त्या वेळात बिर्याणी बसवायची आहे, थोरलीला मेट्रोने अगदी शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन परत यायचंय. तिथे गेल्यावर ज्याच्या अंगात त्राण असेल त्याचं ऐकू.

राहिलेली कामं: धाकट्याचे बूट नवे घ्यायचे आणि निघण्याआधी आठवडाभर वापरायला लावायचे. नानांचा गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांची डबी, चष्म्याची जादा जोडी. खोलीवाल्याला फोन करून खालच्या मजल्याचं पुन्हा विचारायचं. थोरलीने तिच्या यादीत स्वतःहून एक ओळ वाढवली आहे, आज्जीच्या दवाखान्यावरून गेलो तर मला दाखवा. ह्यांना रस्ता विचारून ठेवते.