अ‍ॅव्हरेज किती देते?

'ट्यूनिंग' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो रविवारी सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बाबांच्या तोंडून. बजाज सुपरचा उजवीकडचा पत्रा उघडून ते उकिडवे बसलेले असत. शेजारी पाना, जुना टूथब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा आणि मदतनीस म्हणून मी. प्लग काढायचा, उजेडात धरायचा आणि डॉक्टर जीभ बघतात तसं त्याचं टोक बघायचं. काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर हवा जास्त. चॉकलेटी निघालं की त्या दिवशी घरात सगळ्यांशी गोड बोलणं. मग कार्ब्युरेटरच्या स्क्रूला पाव फेरा. पावच! मी एकदा उत्साहात अर्धा फिरवला होता, तर स्कूटर दोन दिवस खोकत होती आणि बाबा माझ्याशी बोलत नव्हते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? वेगासाठी नक्कीच नाही. अ‍ॅव्हरेजसाठी.

आता मी चाळिशीत आहे आणि रात्री साडेदहानंतर, घर झोपलं की, मीही ट्यूनिंग करतो. माझ्या हाताला मात्र ऑइल लागत नाही. 'ग्रान टुरिस्मो' या मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमचा सातवा भाग २०२२ च्या मार्चमध्ये आला, तेव्हापासून हे व्यसन आहे. १९९७ साली पहिला भाग काढणारे काझुनोरी यामाउची स्वतः जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत गाडी चालवून आलेत, २०११ मध्ये त्यांच्या टीमने आपल्या गटात पहिला नंबरही काढला. अशा माणसाने केलेल्या गेममध्ये गाडी नुसती पळवायची नसते, तिच्या पोटात शिरायचं असतं. माझं तर असं झालंय की एक तास खेळलो तर त्यातली पंधरा मिनिटं शर्यत आणि पंचेचाळीस मिनिटं गॅरेज.

पहिली पूर्ण सजवलेली गाडी स्विफ्ट स्पोर्ट, २००७ ची. पोर्शे-फेरारी सोडून स्विफ्ट का, असं मित्र विचारतात. अहो, स्विफ्ट भारतात आली २००५ साली आणि बघता बघता प्रत्येक पार्किंगमध्ये एक तरी उभी राहिली. आमच्याकडेही होती. तिची ही १६०० सीसीची खोडकर बहीण मात्र आपल्याकडे कधी विकायला आलीच नाही. जे प्रत्यक्षात मिळालं नाही ते गेममध्ये घ्यावं, इतका साधा हिशेब आहे.

आधी तिला टर्बो बसवला. ताकद भरमसाट वाढली आणि गाडी चालवण्यालायक राहिली नाही. कारण उघड आहे. ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळायचं कामही त्यांचंच. एकाच माणसाला ऑफिस आणि स्वयंपाक दोन्ही दिलं की कुठलं तरी एक करपणार. मी स्टीअरिंग डावीकडे वळवतोय, अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी ऐकल्या न ऐकल्यासारखं करून सरळ गवतात. मग टायर मऊ घेतले. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडीला कलू न देणारा दांडा, कडक केला, म्हणजे मागचा भाग जरा मोकळा सुटतो आणि नाक आत वळतं. दोन चाकांत ताकद वाटून देणारा डिफरन्शियल घेतला, तो एक एक आकड्याने घट्ट-सैल केला. प्रत्येक बदलानंतर जपानमधल्या सुकुबाच्या ट्रॅकवर तीन फेऱ्या. हा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, म्हणून चूक लगेच कळते. एका रात्री गिअरचे रेशो हलवून शेवटच्या वळणानंतर तिसरा गिअर नेमका हवा तिथे आणला. आधी तिथे इंजिनाचा श्वास संपायचा आणि चौथा टाकला की ते पेंगायचं. ते जुळल्यावर जो आवाज आला, त्यासाठी मी बायकोला उठवणार होतो. नाही उठवलं. संसार टिकवायचा असतो.

अर्थात, निम्म्या वेळा दोष सस्पेन्शनचा नसतो. मी ब्रेक उशिरा मारलेला असतो. पण ते मान्य करण्यापेक्षा स्प्रिंगचा आकडा बदलणं सोपं जातं.

सगळ्यात मजा आहे ती वजनाची. या गेममध्ये प्रत्येक गाडीला परफॉर्मन्सचे गुण असतात, आणि शर्यतीला मर्यादा असते. समजा ७००. तर आधी पैसे मोजून गाडीचं वजन उतरवायचं, आणि गेम बजावतो की हे परत फिरवता येणार नाही. मग लक्षात येतं की गुण ७१२ झाले. मग पुन्हा पैसे मोजून बॅलास्ट घ्यायचं, म्हणजे तेच वजन नव्याने लादायचं. २०० किलोपर्यंत! वर इंजिनाची ताकद आवळायला रिस्ट्रिक्टर, तोही विकतच. दशांशाचे दोन आकडे दिसतात, त्यामुळे ६९९.९९ वर आणून ठेवल्याशिवाय झोप येत नाही. मोटारींच्या जगात इतकी शुद्ध सरकारी वृत्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

खऱ्या गाडीला यातलं काही करायची सोय नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या वेळी जशी होती तशीच गाडी ठेवायची. बुलेटला फटाके फोडणारे सायलेन्सर लावणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस रोलरखाली चिरडतात, आणि माझ्या झोपेची त्याला पूर्ण संमती आहे. माझ्या खऱ्या गाडीच्या टायरमधली हवा मी शेवटची कधी तपासली, हे मात्र कृपया विचारू नका.

मागच्या महिन्यात बाबा राहायला आले होते. रात्री त्यांना झोप लागेना, म्हणून माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. मी टोयोटाची सुप्रा सजवत होतो. पाच मिनिटं पाहून त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला.

"अ‍ॅव्हरेज किती देते?"

मी हसलो. मग आठवलं की ही शर्यत फ्रान्समधल्या ल मांची आहे, अर्ध्या तासाची, आणि तिच्यात पेट्रोल खरंच संपतं. मी तिथे दोन वेळा हरलो होतो. फेरी साडेतेरा किलोमीटरची, तिच्यात तो म्युल्सानचा लांबलचक सरळ रस्ता. तिथे मी बुंगाट सोडायचो आणि दोनदा पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरच्या थांब्यावर, जाऊन तेवढा वेळ घालवून बसायचो.

"पेट्रोल कमी-जास्त करता येतं का यात?" बाबांनी विचारलं. येतं. फ्युएल मॅप नावाचं एक बटण आहे, एक ते सहा. एकवर पूर्ण ताकद, सहावर काटकसर.

"मग एकवर कशाला ठेवलंयस? आणि वळण दिसतंय ना समोर? आधीच सोड की अ‍ॅक्सिलरेटर. जाईल ती आपोआप. खंबाटकी उतरताना काय करायचो आपण?"

खंबाटकी उतरताना बाबा स्कूटर न्यूट्रल करायचे आणि इंजिन बंद. घाटभर फक्त वारा आणि मागून आईचं रामरक्षा पुटपुटणं. हे धोक्याचं आहे, कोणी करू नये, पण ते करायचे. शर्यतीवाले जवळपास यालाच 'लिफ्ट अँड कोस्ट' म्हणतात आणि त्यावर गंभीर चेहऱ्याने व्हिडिओ करतात.

मी मॅप चारवर ठेवला. गिअर लवकर टाकले, इंजिनाला किंचाळू दिलं नाही. वळणाआधी शंभर मीटर पाय उचलायचा आणि गाडीला वाहू द्यायचं. पहिल्या फेरीत सगळे पुढे निघून गेले आणि बाबा म्हणाले, "जाऊ दे. पेट्रोल पंपावर भेटतील." खरंच भेटले. मधे पाऊस आला, टायर बदलायला मी एकदाच आत गेलो आणि टाकी तेव्हाच भरून घेतली. शेवटच्या फेरीला माझ्यापुढे एकच गाडी होती, तीही पिटमध्ये वळली.

आता पडद्यावर इंधनाचा आकडा एकच उरला होता, पाऊण फेरी बाकी होती, आणि माझे तळवे घामाने ओले. बाबा खुर्चीच्या टोकावर आले, वाकून माझ्या कंट्रोलरकडे बघायला लागले आणि खरोखरच काळजीने म्हणाले,

"अरे, यात रिझर्व्हचा कॉक कुठे आहे?"